आधी आवाज, मग चित्र

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझा आवाज मोठा आहे. दुसरे काही सांगण्याआधी हे सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यात जे बरेवाईट घडले ते या आवाजापायीच घडले. तुमच्याकडचे कॅमेरे चोरपावलांनी चित्र काढतात. मी थाड् करतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. महोगनीची पेटी, तिच्यावर काळे चामडे, डोक्यावर चामड्याचे उभे नळकांडे आणि पुढे हातभर लांब भिंग, असा माझा अवतार होता. पोटात एक तिरका आरसा बसवलेला. नळकांड्यात तोंड खुपसले की समोरचा खेळ त्या आरशात दिसतो. कळ दाबली की आरसा उडून वर आपटतो, मग कापडी पडदा घसरतो आणि फिल्मवर चित्र उमटते. म्हणजे आधी आवाज, मग चित्र. मधे डोळ्याचे पाते लवेल इतकेच अंतर असते, पण तेवढे अंतर लक्षात असू द्या.

साउथ कॅरोलायनातल्या हॅरो शोल्स नावाच्या गिरणीगावात मला व्हर्जिल टीगने आणले. त्याचा फोटो स्टुडिओ होता. आठवडाभर तो लग्नांचे, बाळांचे आणि कधीकधी शवपेटीतल्या माणसांचे फोटो काढायचा. ती कामे लहान कॅमेऱ्यांकडे असत. माझा दिवस शनिवारचा. दुपारी गिरणीचा भोंगा वाजला की सगळे गाव उकडलेल्या शेंगांचे पुडे घेऊन बेसबॉलच्या मैदानावर लोटायचे. प्रत्येक गिरणीचा आपापला संघ होता, आणि शेजारच्या लव्हेल गिरणीकडून हरणे म्हणजे हॅरोवाल्यांना घरात सुतक आल्यासारखे वाटायचे.

बेसबॉलचे चित्र काढणे हे येरागबाळ्याचे काम नाही, मित्रांनो. फळीवाला चेंडू मारतो आणि पहिल्या बेसकडे धावत सुटतो. बेस म्हणजे जमिनीला पक्की केलेली जाड कापडाची उशी. तिथे हातात चामडी मोजा चढवलेला एक मोजेवाला उभा असतो. लांबून फेकलेला चेंडू त्याच्या चामडी मोज्यात पडायच्या आत धावणाऱ्याचा पाय उशीला लागला तर तो नाबाद, नाहीतर बाद. हे सगळे चार-साडेचार सेकंदांत आटोपते. माझ्यात एका वेळी एकच फिल्म. ती बदलेपर्यंत हमखास दिवसातला सर्वांत देखणा झेल घेतला जायचा आणि व्हर्जिल स्वतःलाच शिव्या घालायचा. भिंगाची नजर जुळवायला मला एक दांडी होती, तिला तीन खाचा होत्या, एकेका बेससाठी एक. चेंडू कुठे जाणार हे आधीच ओळखून त्या खाचेत दांडी टाकावी लागे. चुकले तर तांबडी धूळ आणि धुरकट पाठ एवढेच हाती लागे. "चेंडू दिसला म्हणजे चित्र गेलं," असे व्हर्जिल म्हणायचा. दिसण्याआधी दाबायचे, ही त्याची रीत. एकदा भरकटलेला चेंडू माझ्या कोपऱ्यावर आणि तिथून त्याच्या बरगडीवर आदळला. त्याने आधी मला चाचपले, मग बरगडी. मी त्या माणसावर जीव टाकत होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पहिल्या बेसवर पंच असायचा होबार्ट प्रूइट. व्हर्जिलचा बालमित्र. गिरणीत तो माग दुरुस्त करायचा. विणकाम खात्यात शेकडो मागांचा असा कल्लोळ की माणसे ओठ वाचून बोलायची, पण होबार्ट दारात उभा राहून नुसत्या कानाने सांगायचा, चौथ्या रांगेतला सातवा माग बिघडायला आलाय. रविवारी चर्चमध्ये पियानो सुरू होण्याआधी सूर धरायचा तोही तोच. म्हणूनच तो पंच झाला. पहिल्या बेसच्या पंचाला दोन गोष्टी एकदम पाहता येत नाहीत. तो नजर उशीवर ठेवतो आणि चेंडू मोज्यात पडल्याचा आवाज कानाने टिपतो. आधी पाय दिसला तर नाबाद. आधी आवाज आला तर बाद.

फोटोवाल्यांना हिरवळीवर बसायची मुभा होती, पण बेसपासून वीस पावलांवर चुन्याची एक रेघ मारलेली असे. ती ओलांडायची नाही, हा नियम होता.

१९४८ च्या सप्टेंबरात हॅरो आणि लव्हेल यांचा अंतिम सामना झाला. हॅरोने चौदा वर्षांत करंडक पाहिला नव्हता. शेवटचा डाव, हॅरो एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की खेळ खलास. पण तिसऱ्या बेसवरचा गडी घरी, म्हणजे फळीवाल्याच्या जागी, पोचला असता तर बरोबरी. फळीवर ड्यूई साइझमोर होता, सूतखात्यातला, हरणासारखा पळणारा. व्हर्जिलला अंदाज आला की हा चेंडू जमिनीवरून जाणार आणि निकाल पहिल्या बेसवर लागणार. सगळ्यांचे डोळे ड्यूईवर होते. व्हर्जिल मला छातीशी धरून गुडघ्यांवर पुढे सरकला. रेघ मागे पडली. तो होबार्टच्या पाठीमागे पाच-सहा पावलांवर येऊन थांबला.

ड्यूईने चेंडू मारला. दोन हजार माणसांनी श्वास रोखला, आणि मैदानावर कधी नसते अशी शांतता पसरली. व्हर्जिलने चेंडू दिसण्याआधी कळ दाबली.

होबार्टने मूठ वर केली. बाद. सामना संपला.

शांतता फुटली ती शिव्यांनीच. ड्यूई रडकुंडीला येऊन उशीकडे बोट दाखवत होता. कुणीतरी ओरडले, "होबार्ट, कानात कापूस गेलाय का रे?" गिरणीगावात याहून झोंबणारे बोलणे नाही. होबार्ट टोपी सारखी करून शांतपणे निघून गेला. आपण बरोबर ऐकले याची त्याला खात्री होती.

स्टुडिओच्या काळोख्या खोलीत त्या फिल्मवर चित्र उमटले. व्हर्जिलने तसे चित्र आयुष्यात काढले नव्हते. ड्यूईचा पाय उशीवर चेपलेला, धुळीचा कण न् कण दिसतोय, आणि चेंडू मोज्यापासून वीतभर बाहेर हवेत. ड्यूई धडधडीत नाबाद होता. सोमवारच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर ते चित्र छापून आले. पुढे राज्याच्या राजधानीत त्याला पहिले बक्षीस मिळाले. लोक स्टुडिओत येऊन माझ्या चामड्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, कॅमेरा खोटं बोलत नाही. मी फुशारलो. मला तेव्हा अक्कल नव्हती.

त्याच सोमवारी होबार्ट वर्तमानपत्र घेऊन स्टुडिओत आला होता. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"व्हर्जिल, फोटो खरा आहे, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण मी ऐकलं रे. चामड्यावर चामडं आपटल्यासारखं. मग पाय पडला. मग पुन्हा एक आवाज आला, तो मला तुझ्या कॅमेऱ्याचा वाटला."

व्हर्जिल माझे भिंग पुसत होता. त्याचा हात थांबला. तो हात माझ्यावरच होता, म्हणून मला ते कळले. त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आले आणि माझ्याही. पहिला आवाज माझा होता. मोज्याचा आवाज दुसरा.

तेव्हा एक वाक्य पुरले असते. पण ते वाक्य म्हणजे, "मी रेघ ओलांडली." मग हिरवळीवरची जागा गेली असती, पहिल्या पानाची शान गेली असती, आणि हॅरोच्या पराभवाचे खापर त्याच्या डोक्यावर फुटले असते. व्हर्जिल मूग गिळून बसला.

"होतं असं कधीकधी," एवढेच तो म्हणाला.

होबार्टने वर्तमानपत्राची नीट घडी केली. "मग माझे कान गेले म्हणायचे," असे म्हणून तो निघून गेला.

त्यानंतर गावाने त्याला सोडले नाही. तो रस्त्याने चालला की पोरे कानात कापसाचे बोळे घालून त्याच्यापुढे उभी राहायची. कुणीतरी त्याच्या टपालपेटीत मूठभर कापूस कोंबून ठेवला. पंचगिरी गेली. गिरणीत मुकादमाने त्याला माग दुरुस्तीवरून काढून कापसाचा केर झाडायला लावले. पण मला सर्वांत लागले ते वेगळेच. त्याची बायको ओमा एकदा व्हर्जिलला सांगत होती की होबार्ट हल्ली चर्चमध्ये तोंडच उघडत नाही, मागच्या बाकावर बसतो. सूर लावला तर तो बरोबर आहे की नाही हे त्यालाच कळत नाही म्हणे. घरात किटलीची शिटी वाजली तरी उठून पाहतो, खरेच वाजतेय का.

व्हर्जिलही नासला. शनिवारी तो मला घेऊन रेघेच्या पार मागे बसायचा, आणि माझ्या आवाजाने दचकायचा. ज्याने माझा आवाज सगळ्यांत जास्त ऐकला होता, तो दचकायचा. मग तो उशिरा दाबू लागला. प्रत्येक चित्रात चेंडू आधीच मोज्यात असायचा. मेलेली चित्रे ती. काही वर्षांनी त्याने छोटा, हलका कॅमेरा घेतला आणि मला फडताळात टाकले. अंधारात बसून मी एकच क्षण पुन्हा पुन्हा ऐकत राहिलो. कुणी कळ दाबत नसे, तरी मला माझा थाड् ऐकू यायचा, आणि त्याच्यामागून वर जाणारी होबार्टची मूठ दिसायची. भुताने माणसाला झपाटल्याचे तुम्ही ऐकले असेल. मला एका आवाजाने झपाटले होते, आणि तो माझाच होता.

त्या सामन्याला अशी नऊ वर्षे झाली. एका सकाळी ओमा होबार्टला घेऊन स्टुडिओत आली. केर झाडून झाडून त्याच्या छातीत कापूस बसला होता, दोन पायऱ्या चढला तरी धाप लागायची.

"मिस्टर व्हर्जिल, यांचा एक चांगला फोटो काढून द्या," ती म्हणाली. "घरात एकही नाही."

छोटा कॅमेरा तिपाईवर तयारच होता. व्हर्जिलने त्याच्याकडे पाहिले, मग फडताळ उघडून मला बाहेर काढले. त्याने धूळसुद्धा पुसली नाही. होबार्ट बसला होता त्या खुर्चीपासून पाच-सहा पावलांवर त्याने मला ठेवले.

"होबार्ट, जरा डोळे मीट," तो म्हणाला.

"फोटोला? मेल्यावर काढ की तसला," होबार्ट हसला. पण त्याने डोळे मिटले.

मित्रांनो, त्या क्षणी मला गप्प राहायचे होते. आरसा उडवणारी माझी कमान गंजली असती तर बरे, असे वाटले. पण वाटून उपयोग नसतो. थाड्.

होबार्टचे हसू मावळले. डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "परत."

व्हर्जिलने आरसा खाली घेतला आणि पुन्हा कळ दाबली. होबार्टची उजवी मूठ मांडीवरून आपोआप थोडी उचलली गेली. त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले.

"तू रेघेच्या आत होतास," तो म्हणाला.

"होतो."

"तुला कधी कळलं?"

"तू पेपर घेऊन आलास ना, तेव्हाच."

मी शिव्यांची वाट पाहत होतो, आणि त्या आल्या असत्या तर मला हलके वाटले असते. तो बायकोकडे वळून म्हणाला, "ओमा, माझे कान शाबूत आहेत गं." आणि मग तो माणूस लहान मुलासारखा रडला. व्हर्जिलकडे त्याने पुन्हा पाहिले नाही. जाताना एवढेच म्हणाला, "रविवारी चर्चमध्ये उभा राहून सांग. मला नाही, त्यांना."

व्हर्जिलने सांगितले. मला काखोटीला मारून नेले, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि काही न लपवता सांगितले, मला वाजवूनही दाखवले. लोकांनी मान डोलावून ऐकले. प्रार्थनेनंतर एकजण त्याचा खांदा थोपटून म्हणाला, "ब्रदर होबार्टची छाती गेलीय म्हणून स्वतःवर घेतलंस. मोठं मन आहे तुझं." बाकीचेही तसेच म्हणाले. नऊ वर्षे ते चित्र गिरणीच्या दुकानात टांगलेले होते. त्याच्यापुढे माणसाच्या बोलण्याला कोण विचारतो? पण त्याआधी, गाण्याची वेळ झाली तेव्हा, मागच्या बाकावरून एक सूर आला होता. फाटलेला, दम पुरत नसलेला, पण बरोबर जागी लागलेला. सारे चर्च त्याच्यामागून गायले. होबार्ट त्याच हिवाळ्यात गेला.

आता गिरणी बंद आहे. गावच्या ग्रंथालयात एका काचपेटीत मला ठेवले आहे, वर ते चित्र लावले आहे. शाळेतली मुले येतात, काचेला नाक लावतात. मला तेलपाणी करावे, माझ्या चामड्याला मेण लावावे, असे त्यांच्या बाई त्यांना सांगतात. त्यांचे प्रेम मला समजते. पण मित्रांनो, चित्राखाली एक पाटी आहे, तिच्यावर लिहिले आहे: 'पंचाची चूक, सप्टेंबर १९४८.' मी ती रोज वाचतो आणि मला ती पुसता येत नाही. तुम्ही कधी इकडे आलात तर माझ्यावरची धूळ राहू द्या. तेवढी पाटी बदलून घ्या, आणि लिहा की होबार्ट प्रूइटने बरोबर ऐकले होते.