मौनव्रत घेणारी वाहने

रविवारी सकाळी शहराच्या कडेच्या भेस्तानमधील त्या पत्र्याच्या मंडपापुढे महामार्गावरून भरधाव आलेल्या गाड्यांची रांग लागे. फाटकावर पताका खाली येताच शिष्य ओरडे, “मौन!” तत्क्षणी प्रत्येक चालक चावी फिरवून इंजिन बंद करी. सायंकाळी परतताना ‘गर्जना’ होई: गार पडलेले इंजिन सुरू होते न होते तोच तीनदा पूर्ण ॲक्सिलरेटर. रथानंद महाराजांची स्वतःची पांढरी गाडी मात्र पडद्याआड जाऊन दोन मिनिटे मंद गुरगुरत राही. “रथ जप करतोय,” असे म्हणत बमरोली-कतारगामसारख्या वस्त्यांतून आलेले भाविक त्या पडद्याला हात जोडत.

माझे शेजारी चिंधाभाऊ मूळचे अमळनेरकडचे. त्यांची एक भाड्याची डिझेल गाडी होती. मुलगा योगेश ती चालवी. त्याच्या लग्नानंतर दोन वर्षांत गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, तीनदा गेला. प्रत्येक वेळी आधी शिट्टी, मग निळा धूर. महाराजांनी डोळे मिटून कारण सांगितले: “सुनेचं पाऊल उष्ण आहे.” धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, हे न्यायशास्त्राने शिकवले; धुरावरून सुनेचे अनुमान करणारा हा पहिलाच आचार्य. लग्नाच्याच महिन्यात चिंधाभाऊंनी या महाराजांची दीक्षा घेतली होती, ही गोष्ट मात्र कोणी ध्यानात घेतली नाही.

एका रविवारी त्या सुनेला, हर्षदाला, कायमचे माहेरी धाडण्याचा निर्णय व्हायचा होता. तिची बॅग गाडीत आधीच ठेवलेली. मी निवृत्त शिक्षक, म्हणून मला साक्षीला नेले होते.

“लोहे में भी प्राण असतो, बच्चा!” महाराज गरजले. “मौनाने तो शांत होतो, गर्जनेने जागतो. उष्ण पाऊल घरात असेल तर मी काय करणार? भेज दो इसे!”

योगेश मान खाली घालून उभा राहिला. हर्षदाने त्याच्याकडे एकदाच पाहिले, बॅग उघडली आणि लग्नाच्या शालूत गुंडाळलेली एक लोखंडी नळी काढली.

“मामा,” ती सासऱ्यांना म्हणाली, “जाते मी. पण आधी हे बघा. परवा काढलेल्या टर्बोची तेलाची नळी. आत काय दिसतं?”

“कोळसा,” चिंधाभाऊ पुटपुटले. “पण तू गप ऱ्हाय, पोरी!”

“दोन वर्षं गप्पच होते. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकले, ते काय पोळ्या मोजायला?”

महाप्रसादाच्या चुलाण्यावर सुभद्राबाई पोळ्या भाजत होत्या. हर्षदाने जाळ बंद करायला लावला आणि तापल्या तव्यावर गाडीतल्या डब्यातले चमचाभर इंजिन ऑइल ओतले. भक्कन धूर उठला.

“जाळ बंद केला, मावशी. तवा गार झाला?”

“लोखंडी तवा तो. लगेच कसा होईल?”

थोड्या वेळाने तिने उलथन्याने तवा खरवडला. उलथन्याला काळा चिकट थर आला.

“ओ माय! हाऊ ते तोच कोळसा शे!” सुभद्राबाई ओरडल्या.

“टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, मावशी, वाहत्या तेलाच्या आधारावर. भरधाव आलात आणि खटकन बंद केलंत, की तेल थांबतं, तापलेला टर्बो थांबलेलं तेल जाळतो. दर रविवारी थोडा थर. आणि गार इंजिनाची गर्जना? तेल पोचायच्या आधीच घासाघीस.”

“पाखंड!” महाराज उठले.

“बसा. तुमच्या जपाचं राहिलंय.” ती महाराजांच्या चालकाकडे वळली. “भगवानदादा, ही गाडी मौन का पाळत नाही? तिचा टर्बो कितीदा बदलला?”

भगवानने महाराजांकडे पाहिले, मग त्या नळीकडे. “एकदाही नाही, ताई. साहेबांचा हुकूम आहे, दोन मिनिटं चालू ठेवल्याशिवाय चावी काढायची नाही.”

मंडप निःशब्द झाला. पहिले मौन, जे कोणी आज्ञेवाचून पाळले.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” हर्षदा महाराजांना म्हणाली. “आमच्या गाड्या मोडल्या की आम्ही उपाय विचारायला यायचो आणि तुमची गादी वाढायची. आणि किती सुना माहेरी धाडल्यात?”

मागून एक बाई म्हणाली, “माझी लेक.” दुसरी उठली. तिसरी. महाराज पडद्याकडे धावले. पण भगवानने गाडीची चावी आधीच त्या बायांपैकी एकीच्या हाती दिली होती. कोणीतरी फोन केला, आणि पोलीस येईपर्यंत त्या बाया पडद्यापुढून हलल्या नाहीत.

चिंधाभाऊंनी हात जोडले. “चुकलं, पोरी. माफ कर.”

क्षमा हे भूषण आहे, असे मी आयुष्यभर शिकवले. त्या दिवशी ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

“माफी नंतर,” ती म्हणाली. “गाडी रोज दारात आली की तुम्ही आत बसायचं, मामा. इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं, काच खाली करून, गल्लीला ऐकू जाईल असं, काय चुकलं ते म्हणायचं. मग चावी काढायची. आणि योगेश, तू शेजारी बसायचंस.”

वाचकहो, सांगणे साधेच आहे. जो नियम गुरू आपल्या गाडीला लावत नाही, त्याचे कारण विचारा. सुरू केल्यावर इंजिनाला अर्धा मिनिट द्या, ते गरम होईपर्यंत सावकाश चालवा. लांबून वेगाने आलात तर बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे थांबा. आणि माणसाला दोष देण्यापूर्वी त्याहून अधिक थांबा.

आमच्या गल्लीत गाडी आता रोज सहा वाजता येते. इंजिन मंद गुरगुरते, आणि त्यावरून चिंधाभाऊंचा घोगरा आवाज ऐकू येतो: “पाऊल उष्ण नव्हतं. अक्कल माझी थंड होती.” या नवरात्रात वर्ष होईल. त्या गाडीचा टर्बो शाबूत आहे. हर्षदाने अजून “पुरे” म्हटलेले नाही.