आधी बाळ, मग मशीन

आमचं बाळ श्वास घ्यायला विसरायचं. दोन महिने आधी आलेलं, अजून ती सवयच लागली नव्हती त्याला. विसरलं की तळपायाला टिचकी मारायची, म्हणजे आठवतं, असं सिस्टरांनी सांगितलं. "आणि मशीन ओरडलं तर आधी बाळाकडे बघायचं, मग मशीनकडे."  

माझा नवरा इलेक्ट्रिशियन. लेकाला त्याने 'झिरोचा बल्ब' नाव ठेवलेलं. त्या दिवशी झिरोला पहिल्यांदाच काचपेटीतून काढून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. त्याच्या पावलाला चिकटपट्टीने मशीनची वायर लावलेली. ती सारखी निसटायची, मशीन कोकलायचं, माझा जीव जायचा आणि हा पट्टी दाबून म्हणायचा, "लूज कनेक्शन." तोऱ्यात. मला रागही यायचा आणि धीरही.

सिस्टर पलीकडच्या पेटीशी गुंतल्या होत्या. मशीन पुन्हा ओरडलं.

"लूजच असणार," म्हणत हा वाकला. पट्टी घट्ट होती. मग वायर चाचपत चाचपत हा गेला थेट प्लगपर्यंत.

माझा हात बाळाच्या पाठीवर होता. पाठ हलत नव्हती. ओठ निळसर झाले होते.

मी टिचकी मारली. काही नाही.

"वायर मरू दे तुझी," मी म्हणाले. "याच्याकडे बघ."

त्याने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी पुन्हा टिचकी मारली, जोरात. पोटच्या पोराला. बाळाने आचका दिला, तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिल्लासारखं रडलं.

सिस्टर धावत आल्या. बाळाला तपासून म्हणाल्या, "बरोबर केलंत. पुढच्या वेळी आधी मला हाक मारा."

पुढच्या वेळी. म्हणजे हे पुन्हा होणार होतं.

नवरा स्टुलावर बसला. खिशात टेस्टर तसाच. त्याने बाळाच्या तळपायाला बोट टेकवलं. 

"काढू नकोस," मी म्हणाले.

"नाही काढत."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने वाद घातला नाही.

थोड्या वेळाने मशीन पुन्हा ओरडलं. या खेपेला वायर खरोखरच निसटून खाली लोंबत होती. त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आम्ही दोघं त्या एवढ्याशा, हलणाऱ्या पाठीकडे बघत राहिलो.