नवव्या प्रकरणातली राणी

सीडी मंगळवारी कुरिअरनं आली, आणि बुधवारी दुपारपर्यंत गोपाळकृष्ण वझलवारांनी घरात कुणाला सुखानं जेवू दिलं नाही.

खरं म्हणजे ती मंगळवारीच बघून झाली असती. पण २००४ सालच्या त्या उन्हाळ्यात हिंदी मुलखातल्या बालाघाटात वीज कधी येईल आणि कधी जाईल हे सांगायची कुणाची छाती नव्हती. घरातला कॉम्प्युटर मुलीचा, श्रद्धाचा. ती गावात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. दर दहा मिनिटांनी गोपाळकृष्ण बटण दाबून बघत, पंखा हललाय का ते बघत, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत, "उमा, आली का वं लाइट?"

"आली असती तं तुमच्या डोक्यावरचा पंखा फिरला नसता काय?" उमाताई आतून म्हणायच्या. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढल्यावर त्यांच्यापाशी धीर भरपूर होता. तो नवऱ्याच्या बाबतीत मात्र पुरत नसे.

गोपाळकृष्ण वनखात्यातून निवृत्त झालेले. नोकरी बहुतेक बैहरकडे गेली. तिथल्या सालवृक्षांच्या जंगलात बसून त्यांनी १९८३ साली 'कृष्णकूट' नावाची अद्भुत कादंबरी लिहिली. जमिनीच्या पोटातला काळ्या दगडाचा किल्ला, त्याचा राजा तमोघन दैत्य, त्यानं पळवून नेलेली राणी पलाशिनी आणि तिला सोडवायला निघालेला सेनापती अग्निकेतू. पुस्तक नागपुरात छापलं गेलं, हळूहळू खपलं आणि विसरलं गेलं. मग वीस वर्षांनी नागपुरातल्या संकेत नावाच्या तिशीतल्या माणसानं पत्र पाठवलं, की लहानपणी मामाकडे वाचलेल्या या कादंबरीवर मला कॉम्प्युटरचा गेम करायचा आहे. त्या पत्रानंतर गोपाळकृष्ण चालायचे तेसुद्धा वेगळे. मंगळवारी आलेली सीडी त्याच गेमची होती.

बुधवारी अडीचला वीज आली. श्रद्धानं सीडी घातली. गेमच्या पहिल्या तीन पायऱ्या, म्हणजे लेव्हल, बघताना गोपाळकृष्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. जंगल, डोंगर, नाला, मोहाची झाडं.

"पाह्य, पाह्य उमा! हे आपलं बैहर!"

चौथ्या पायरीला किल्ल्याचं दार उघडलं. खांबाला साखळदंडांनी बांधलेली राणी. फाटलेली वस्त्रं. तमोघन हसत जवळ येतो, आणि चित्र राणीच्या अंगावरून सावकाश, पायापासून वर, फिरतं. मग अंधार, एक किंकाळी, आणि खाली पाटी: 'पुढे जाण्यासाठी एंटर दाबा.' श्रद्धानं त्याआधी मधेच एंटर दाबून पाहिलं होतं. चालेना. सगळं संपेपर्यंत गेम पुढे सरकतच नव्हता.

"बंद कर," गोपाळकृष्ण म्हणाले. मग उठून येरझारा घालायला लागले. "हरामखोर! माझ्या राणीची ही दशा? लेकरं बसतील हे पाहाले! उमा, कागद घे. तुझ्या अक्षरात लिही, माझं त्यायले वाचता नाई येणार."

ही गोष्ट खरी होती. गोपाळकृष्णांचं अक्षर छापखान्यालाही वाचता येत नसे. त्यांचं सगळं लेखन उमाताईंनीच ड्यूटीवरून आल्यावर सुवाच्य करून लिहून काढलं होतं, 'कृष्णकूट'ची सगळी तीनशे बारा पानं धरून.

त्यांनी कागद घेतला. गोपाळकृष्ण पत्र सांगताना पुस्तकी मराठीत शिरत. "महोदय, आपण पाठविलेला खेळ पाहून मन विषण्ण झाले. स्त्रीच्या विटंबनेचे असे बीभत्स चित्रण माझ्या कादंबरीत कोठेही नाही..."

उमाताईंचं पेन थांबलं.

"काय झालं? लिही ना."

"कोठेही नाही, असं लिहू?"

"मंग काय लिहिशील?"

"नववं प्रकरण आहे की."

गोपाळकृष्णांनी हात झटकला. "ते येगळं आहे. तिथं अन्याय दाखवला आहे मी. दैत्याचं क्रौर्य दाखवलं नाई तं वाचकाले चीड काहून येईल? ते वाङ्मय आहे. हे काय आहे? हा चावटपणा आहे."

उमाताईंनी कपाटातून पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "वाचा. मोठ्यानं. मी आणि श्रद्धा आयकतो."

स्वतःचं लेखन वाचून दाखवायला गोपाळकृष्णांना कधी आग्रह लागत नसे. दुधवाल्यालाही त्यांनी दोन प्रकरणं ऐकवली होती. त्यांनी चष्मा चढवला, खाकरले आणि सुरुवात केली. पहिला परिच्छेद खणखणीत झाला. दुसऱ्यात राणीच्या मोकळ्या केसांचं वर्णन आलं. तिसऱ्यात साखळदंड आले, आणि ते तिच्या गोऱ्या मनगटांवर, खांद्यांवर, आणखी कुठे कुठे कसे रुतले होते ते आलं. तिथं आवाज बारीक झाला. पुढच्या उपमेपाशी त्यांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि पान उलटलं. मग आणखी एक उलटलं.

"हे सोडून देतो, लंबं आहे," ते म्हणाले.

"चार पानं आहे," उमाताई म्हणाल्या. "मी लिहून काढलीत ना."

श्रद्धा इतका वेळ की-बोर्डवरची धूळ पुसत होती. ती म्हणाली, "बाबा, गावातल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीत जी कॉपी आहे ना, ती आपोआप त्याच पेजवर खुलते. इतक्या लोकांनी वाचलंय. कॉलेजमध्ये पोरं मला बघून हसायची. मला समजतच नव्हतं की क्यों हसतात."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"काय सांगणार होते?"

गोपाळकृष्ण पुस्तक मिटून अंगणात गेले आणि भर उन्हात उभे राहिले. उमाताईंना त्यांची कीव आली नाही. आला तो वैताग. नवऱ्याचा, त्या नागपूरच्या संकेतचा आणि थोडा स्वतःचाही. वीस वर्षांपूर्वी ती चार पानं त्यांना लिहून काढतानाच खटकली होती. तरी त्यांनी वेलांट्या नीट काढल्या होत्या, ऱ्हस्वदीर्घ तपासलं होतं, आणि कागदांवर वजन ठेवून ड्यूटीवर निघून गेल्या होत्या.

पत्र गेलंच नाही. श्रद्धानं फोन लावला आणि शनिवारी संकेत स्वतः बसनं आला. धुळीनं माखलेला, खांद्याला बॅग. त्याला वाटलं होतं सत्कार होईल. चहा हातात पडायच्या आत गोपाळकृष्णांनी त्याला फैलावर घेतलं.

संकेतनं ऐकून घेतलं आणि बॅगेतून 'कृष्णकूट'ची जुनी प्रत काढली. ओळींखाली पेन्सिलनं खुणा केलेल्या. "काका, राग नका मानू. आम्ही एकही गोष्ट आमच्या मनची नाही टाकली. हे पहा, 'साखळदंडांनी जणू तिला आलिंगन दिले.' ही तुमची लाइन. आमच्या चित्रकारानं यावरूनच चित्र काढलं. तुमच्याकडे चार पानं आहेत, आमच्याकडे चाळीस सेकंद. आम्ही तं कमीच केलं."

"शब्दात आणि चित्रात फरक असते!"

"काय फरक असते काका?"

गोपाळकृष्णांनी बायकोकडे पाहिलं. संकेतनंही त्यांच्याकडेच पाहिलं. दोघांनाही उमाताई आपल्या बाजूनं बोलतील अशी आशा होती. उमाताईंचं डोकंच फिरलं.

"मी एक विचारू?" त्या म्हणाल्या. "नवव्या प्रकरणानंतर राणी काय बोलते?"

संकेतनं प्रत उघडली.

"सोळाव्यात अग्निकेतू येते," गोपाळकृष्ण म्हणाले. "तिले सोडवते. तमोघनाले मारते."

"ते मले मालूम आहे. राणी काय बोलते?"

संकेत प्रत चाळायला लागला. उमाताई म्हणाल्या, "नको शोधू बाप्पा. नाई सापडणार. आठव्यापर्यंत ती भांडते, हुकूम सोडते, कोडी घालते. नवव्यानंतर एकशे नव्वद पानं आहे आणि तिच्या तोंडी एक अक्षर नाई. एक हुंदका आहे, शेवटून दुसऱ्या पानावर. तुह्या गेममध्ये काय आहे?"

"गेममध्ये..." संकेतनं डोकं खाजवलं. "गेममध्ये अग्निकेतू तिले उचलून घोड्यावर बसवते. मग पॉइंट येतात."

"हौ. पॉइंट येतात."

मग त्यांनी इतक्या वर्षांत न काढलेला विषय काढला. जंगलातल्या दवाखान्यात असताना एक बाई त्यांच्याकडे आणली गेली होती. काय झालं होतं ते सांगायची गरज नव्हती. उमाताई सहा दिवस तिच्या खाटेपाशी होत्या. घरी आल्यावर एका संध्याकाळी न राहवून त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं. त्यानंतर दोन महिन्यांनी नववं प्रकरण त्यांच्या पुढ्यात लिहून काढायला आलं.

गोपाळकृष्णांचा चेहरा उतरला. "उमा, मी तं... मले त्या गोष्टीचा इतका संताप आला होता म्हणून तं..."

"आला असन. मी नाई म्हणत नाई. पण तिच्यावर काय गुजरलं तेवढं तुम्ही घेतलं आणि त्याले अलंकार घातले. ती तिसऱ्या दिवशी उठून बसली, बोलली, ते मी तुम्हाले सांगतलं होतं. ते नाई घेतलं. आठवते तरी काय?"

त्यांना आठवत नव्हतं. ते दिसतच होतं.

"काय बोलली ती, काकू?" संकेतनं विचारलं. त्याचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला.

"पेन राहू दे खिशात. ते तिचं आहे. तुमच्या गेमसाठी नाई आणि यांच्या पुस्तकासाठी बी नाई. राणी तुमची आहे ना? मंग ती काय बोलते ते तुम्ही शोधा."

संकेत हवालदिल झाला. पंधरा दिवसांत सगळं तयार हवं होतं. चाळीस सेकंद काढून टाकता येतील, तिथं बंद दार दाखवता येईल, हे त्यानं लगेच कबूल केलं. पण राणीनं शेवटी उभं राहून बोलायचं म्हणजे पंचाईत होती. "काकू, खरं सांगू काय? आमच्यापाशी राणीचं उभं चित्रच नाही. एकच काढलं आहे. बांधलेलं."

उमाताईंनी कपाळावर हात मारला. "मंग काढा ना बाबा! हात आहेत, कागद आहे!"

ते पंधरा दिवस घरात शांतता नव्हती. गोपाळकृष्ण रोज राणीचं भाषण लिहायचे आणि उमाताई रोज नाकारायच्या. पहिल्या भाषणात राणी सूर्याला साक्षी ठेवत होती. दुसऱ्यात ती अग्निकेतूचे आभार मानत होती, दीड पान. तिसऱ्यात तिनं जगातल्या सगळ्या स्त्रियांना उपदेश केला.

"अहो, अशा वेळी कोण असं बोलते?" उमाताई वैतागून म्हणाल्या. "तहान लागते माणसाले. पाय दुखते. घरी जावं वाटते."

गोपाळकृष्ण चिडून लामत्याला भावाकडे निघून गेले. चौथ्या दिवशी परत आले आणि चपला न काढता कागद पुढे केला. कागदावर दोनच वाक्यं होती. अग्निकेतू हात पुढे करतो, तेव्हा राणी म्हणते, 'हात नको. दार कुणीकडे आहे तेवढं सांग.'

उमाताईंनी ते दोनदा वाचलं. "चपला काढा आधी," त्या म्हणाल्या, आणि गोपाळकृष्णांना कळलं की जमलं.

राणीचा आवाज श्रद्धानं दिला. तिच्या मराठीला हिंदीचा वास येतो म्हणून संकेतनं फोनवरून अकरा वेळा म्हणवून घेतलं, आणि शेवटी पहिल्यांदा म्हटलेलंच ठेवलं. गेम दिवाळीला बाजारात आला. फार खपला नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायला प्रकाशक उरलाच नव्हता. तरी गोपाळकृष्णांनी नववं प्रकरण पावसाळाभर बसून पुन्हा लिहिलं. चार पानांचं अर्धं पान झालं. लायब्ररीतल्या प्रतीत जुनी पानं चिकटवून बंद करायची आणि वर नवं अर्धं पान डकवायचं, असं ठरवून ते डिंक घेऊन गेले. पुस्तक खराब होतं म्हणून ग्रंथपालांनी त्यांना हाकललं. घरी येऊन त्यांनी दोन दिवस ग्रंथपालांना शिव्या घातल्या.

नोव्हेंबरात एकदा संकेतचा फोन आला. तो हसत होता, पण कंटाळलेला वाटत होता.

"काकू, गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊन राहिल्या. म्हणतात, इतक्या पायऱ्या चढून गेलो आणि राणी स्वतःच चालत बाहेर जाते. मग आम्ही कायले खेळलो? एक जण म्हणे, राणी फार बोलते."

"दोन वाक्यं बोलते!"

"हौ ना."

उमाताईंनी रिसीव्हर नवऱ्याकडे धरला. "घ्या. तुमचे वाचक आहेत. तुम्ही समजवा."

गोपाळकृष्णांनी रिसीव्हर कानाला लावला, खाकरले, आणि पुस्तकी मराठीत सुरुवात केली. उमाताई भाजी निवडायला गेल्या. अर्ध्या तासानं त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हाही ते बोलतच होते.