धरायला दिलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. लाकडी मूठ, कडेला एक बारीक चीर, आणि स्वभाव मुळीच गरीब नाही. मित्रांनो, छत्रीच्या, फळ्याच्या, फाटक्या पुस्तकाच्या कहाण्या तुम्ही शाळेत लिहिल्या असतील. त्यात ती बिचारी शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळी होतात. मी नाही केली. मी दोन वर्षे सूड उगवण्याची वाट पाहिली, आणि तो उगवला तेव्हा मला फार बरे वाटले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुमची तक्रार नको.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. ओतशाळेत थंड झाल्यावर कारागिराने मला एकदा हलवले, मान डोलावली आणि पेटीत घातले. बोटीने मी बार्बाडोस बेटावर, ब्रिजटाउन नावाच्या बंदराच्या शहरात गेले. तिथल्या मुलींच्या शाळेत मी साठ वर्षे वाजले. एकदा एका मुलीच्या हातून फरशीवर पडले आणि कडेला चीर गेली. तेव्हापासून माझा पहिला ठोका सरळ पडतो आणि दुसरा लंगडतो. पुढे शाळेत विजेची घंटा आली आणि मला भंगारात काढले. इतिहास शिकवणाऱ्या हाइंड्सबाईंनी मला मागून घेतले म्हणून मी वाचले.

निवृत्त झाल्यावर बाई बोटींवरून येणाऱ्या पाहुण्यांना शहर पायी हिंडून दाखवू लागल्या, आणि मला पुन्हा नोकरी लागली. पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली, ज्यूंच्या जुन्या प्रार्थनामंदिरापाशी, पुलावर, जिथे थांबायचे तिथे बाई मला वाजवीत. कुणी टोप्यांच्या दुकानात, कुणी फोटोत गुंगलेले, असे पांगलेले लोक माझ्या आवाजावर गोळा होत. बाईंचा घसा सत्तरीनंतर बसत चालला होता. हाक मारायला त्यांना मीच होते.

शेवटचा थांबा जुन्या गोदीचा. तिथे बाई फार हळू बोलत. इथून साखर गेली, ती पिकवायला माणसे साखळदंडात बांधून इथे उतरवली, आणि त्या पैशावर दूर इंग्लंडात मोठमोठी घरे उभी राहिली, असे त्या सांगत. "इथून जे गेले, ते कुणी विचारून नेले नाही," हे त्यांचे शेवटचे वाक्य. मग मी एकदा वाजत असे आणि टूर संपे.

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी घोळक्यात ब्रिटनमधल्या कार्डिफचे डॉक्टर चंद्रशेखर होते. तिथल्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालेले, पत्नी सुप्रभाताईंबरोबर क्रूझवर आलेले. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर त्यांनी क्रिकेटचे मैदान कुठे आहे तेवढेच विचारले. गोदीवर मात्र त्यांना एकदम जोर चढला. "सेम विथ अस, मॅडम," ते म्हणाले. "आमचा हिरासुद्धा असाच नेला. धिस इज व्हॉट दे डू."

एवढ्यात सुप्रभाताईंना ऊन लागून चक्कर आली. "जरा धरा," म्हणून बाईंनी मला डॉक्टरांच्या हातात दिले आणि ताईंना सावरायला धावल्या. सावलीत बसवले, पाणी पाजले, टॅक्सी थांबवली. त्या धांदलीत मी डॉक्टरांच्या हातातच टॅक्सीत बसले.

"अहो, त्यांची बेल तुमच्याकडेच राहिली," सुप्रभाताई वाटेत म्हणाल्या. "मागे फिरू या ना."

"अगं, शिप मिस होईल. घरी गेल्यावर पोस्ट करून टाकू."

घर आले. पोस्ट ऑफिस कोपऱ्यावरच होते. डॉक्टरांनी मला चिंचेने घासले आणि देवघरात नेऊन ठेवले.

पहिल्याच रविवारी त्यांचे मित्र गिरीश जेवायला आले. "वा, ही कुठली?" त्यांनी विचारले. "तिथल्या गाइडने प्रेझेंट दिली," डॉक्टर म्हणाले. पुढच्या महिन्यात त्या गोष्टीत बाईंचा गुडघा आला. डॉक्टरांनी म्हणे रस्त्यातच तो तपासून औषध सांगितले होते. गणपतीपर्यंत बाईंच्या डोळ्यांत पाणीही आले. वर जेवताना डॉक्टर लोकांना ऐकवत, "इथली म्युझियम्स म्हणजे चोरबाजार आहे. दुसऱ्यांचं उचलून आणायचं आणि लेबल लावायचं." मी देवघरातून हे ऐकत असे आणि आतल्या आत जळत असे.

सुप्रभाताई अशा वेळी पोळ्या वाढायला उठत. त्यांचा मला डॉक्टरांपेक्षा जास्त राग येई. कारण त्यांना सगळे ठाऊक होते.

घंटा करून करून काय करणार? एकदा फळीवरून डॉक्टरांच्या पायाच्या अंगठ्यावर पडले. नख काळेनिळे झाले, चार दिवस ते लंगडले. पण माझे मन भरले नाही. तिकडे बाई बसक्या घशाने ओरडून लोकांना बोलावत असतील, हा विचार आला की अंगठा फारच थोडा वाटे.

मग या हिवाळ्यात इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी मालविकाने एक टूम काढली. थंडीत ज्येष्ठांना बाहेर पडवत नाही, तर हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दर महिन्याला एक शहर फिरायचे. तिकडचा गाइड फोन घेऊन खरोखर चालणार आणि इथली मंडळी बसल्या जागी बघणार. या खेपेचे शहर होते ब्रिजटाउन.

"मी स्वतः जाऊन आलोय," डॉक्टर मालविकाला म्हणाले. ते मंडळाचे अध्यक्षच होते. "इंट्रोडक्शन मीच करतो. आणि आपली बेलपण आणतो. ॲटमॉस्फिअर येईल." गाइड कोण, हे विचारायचे काही त्यांना सुचले नाही. शहरात गाइड काय थोडे असतात?

हॉलमध्ये ऐंशी माणसे होती. वडे चालले होते आणि कुणी कुणाचे ऐकत नव्हते. आवाज जोडला गेला होता, चित्र अजून यायचे होते. लोकांना गप्प करायला डॉक्टरांनी मला उंच धरून जोरात हलवले. देवघरात ते मला नुसते किणकिणवत. इतक्या जोरात मी दोन वर्षांत वाजले नव्हते. मी जीव तोडून वाजले. पहिला ठोका सरळ, दुसरा लंगडा.

"हू इज रिंगिंग दॅट बेल?" पडद्यातून बसका आवाज आला. मग चित्र आले. बाई वाळल्या होत्या. हातातला फोन त्यांनी तोंडाशी धरला होता. "रिंग इट अगेन, प्लीज."

डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवले आणि रुमालाने कपाळ पुसले. सुप्रभाताई पहिल्या रांगेतून उठल्या, त्यांनी मला उचलले आणि दोनदा वाजवले.

"दॅट्स माय बेल," बाई म्हणाल्या. "शी लिम्प्स."

"मॅडम, यू गेव्ह इट टू मी," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "यू रिमेंबर? ॲज अ गिफ्ट?"

"आय गेव्ह इट टू यू टु होल्ड."

हॉलमध्ये कुणी वडा चावेना. डॉक्टर पुन्हा तोंड उघडणार, तोच सुप्रभाताई म्हणाल्या, "अहो, पुरे आता. त्यांनी धरायला दिली होती. चक्कर मला आली होती, तुम्हाला नाही."

"म्हणजे वहिनी, ते गुडघ्याचं?" गिरीशनी विचारले.

"गुडघा नव्हताच," ताई म्हणाल्या. "आणि मी दोन वर्षं गप्प बसले, तेही चुकलंच माझं."

मित्रांनो, तो क्षण मी अजून चवीने आठवते. डॉक्टर म्हणाले, उद्याच कुरिअर करतो. बाई म्हणाल्या, कुरिअर नको. तुम्ही स्वतः घेऊन या. आठवडाभर माझ्याबरोबर चाला, आणि प्रत्येक टूरला गोदीवर उभे राहून ही घंटा इथून कशी गेली ते लोकांना तुमच्या तोंडाने सांगा. नंतर त्यांनी टूर सुरू केली, आणि प्रत्येक थांब्यावर सुप्रभाताईंनी मला वाजवले.

आज दुपारी विमान आहे. सकाळपासून डॉक्टर कपाटाच्या आरशासमोर उभे राहून घोकत आहेत. "माय नेम इज चंद्रशेखर. धिस बेल केम टू मी..."

"परत," सूटकेस भरता भरता सुप्रभाताई म्हणतात.

"धिस बेल वॉज लेफ्ट विथ मी..."

"परत."

पाचव्या वेळी ते थांबले. आरशाकडे न बघता पलंगावर बसले. "आय टुक इट," ते म्हणाले. "अँड आय लाइड." आवाज अगदी बारीक होता. मला दया यायला हवी होती. नाही आली. हेच त्यांना गोदीवर, भर उन्हात, रोज दोनदा म्हणायचे आहे, आणि दर वेळी त्यांच्यानंतर मी वाजणार आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची वस्तू राहिली असेल, तर ती पुसून, नीट बांधून आजच ज्याची त्याला नेऊन द्या. उद्यावर टाकू नका, आणि तिच्याबद्दल गोष्टी तर मुळीच रचू नका. ती फळीवर गप्प बसली आहे म्हणून विसरली आहे, असे समजू नका.