एर्लीनच्या बाबांचं रिव्हॉल्वर

रविवारी चर्चमधून घरी आले तर मागचं दार सताड उघडं. कुणीतरी आत येऊन गेलं होतं. माझा मक्याचा पाव अर्धा मोडून ताकात कुस्करून खाल्ला होता, ग्लास विसळून ओट्यावर उपडा घातला होता, आणि लोनीचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, चांगले बूट गायब होते. लोनी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याला आता बुटांचा उपयोग नव्हता, चोराला होता, असा विचार करून मी गप्प बसले असते. पण संध्याकाळी रॉइसचा फोन आला आणि मी बोलून गेले.

रॉइस माझा एकुलता एक. डॅलसला लागून प्लेनो आहे, तिथे त्याचं घर. गॅरेजवर एक रिकामी खोली होती, आणि लोनी गेल्यापासून त्या खोलीत मला नेऊन ठेवायचं त्याच्या मनात होतं.

"आई, आता पुरे झालं. सामान बांध."

"कशाला? ग्लाससुद्धा विसळून ठेवलाय त्याने."

"ग्लास विसळला म्हणजे तो सज्जन झाला का?"

"तुझ्यापेक्षा बरा. तू कधी विसळलास?"

हसला, पण हट्ट सोडला नाही. त्याचंही चुकत नव्हतं. ड्राय फोर्क गावापासून माझं घर बरंच आत आहे. शेजारी म्हणावं तर एर्लीन, तीही कापसाच्या शेतापलीकडे. शेरिफच्या माणसाला बोलावलं तर तो येईपर्यंत बाईने शेंगदाणे उकडून खाऊन संपवावेत. पण हे घर लोनीने आणि मी बांधलं होतं. ओसरीवर बसलं की सूर्य थेट जमिनीत बुडताना दिसतो. प्लेनोच्या त्या खोलीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं.

शेवटी आमच्यात ठरलं. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच वर्षी आमच्या टेक्ससमध्ये कायदा बदलला होता. परीक्षा देऊन परवाना काढला की साध्या माणसालाही पिस्तूल अंगावर बाळगता येत होतं. मात्र झाकून. दिसलं तर गुन्हा. एर्लीन म्हणायची, परकराला जो नियम तोच याला. रॉइस म्हणाला, "परवाना काढलास तर राहा इथे, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नापास झालीस तर माझ्याबरोबर यायचं." मी "बरं" म्हटलं. आमच्याकडे बरं म्हटलं की म्हटलं. त्यावर सही लागत नाही.

पुढच्या शनिवारी तो आला आणि मला हॉलिस टीगच्या दुकानात घेऊन गेला. पुढे मासे पकडायचे गळ आणि कोंबड्यांचं खाद्य, मागे काचेच्या कपाटात बंदुका. दुकानही हॉलिसचं, परवान्याची परीक्षा घेणाराही हॉलिसच.

"या, मिस वायनेल. काय दाखवू?" तो म्हणाला. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिस म्हणतात.

"आईला झेपेल असं काहीतरी," रॉइस म्हणाला.

"आई इथेच उभी आहे," मी म्हटलं.

हॉलिसने आधी एक चपटं काळं पिस्तूल काढलं. त्याची वरची पट्टी मागे खेचायची, मग सोडायची, मग एक बारीक खटका पाहायचा. मी पट्टी खेचायला गेले, ती जागची हलेना. लोणच्याची बरणी उघडायला मी तेव्हाही एर्लीनला बोलवत असे. माझे अंगठे आधीच कुरकुरायला लागले होते.

"मग रिव्हॉल्वर," हॉलिस म्हणाला. "यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही. चकरीत काडतुसं घालायची, चकरी मिटायची, चाप ओढायचा. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ओढायचा, पुढचं समोर येतं. वर्षभर उशाशी पडून राहिलं तरी तक्रार करत नाही."

"लोनीसारखं," मी म्हटलं.

त्याने हिरव्या फडक्यावर तीन रिव्हॉल्वरं मांडली. एक लांब नळीचं, ते कमरेला लावून घोड्यावर बसावं असं. एक मधलं, पोलादी, लाकडी मुठीचं. आणि एक एवढंसं, आखूड नाकाचं, ॲल्युमिनियमचं. मी मधलं उचललं.

"अगं, किती जड आहे ते!" रॉइसने ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. "दिवसभर वागवणार कशी?"

"बायका हे नेतात," हॉलिसने छोटं पुढे सरकवलं. "पर्समध्ये आहे की नाही ते कळतसुद्धा नाही. या महिन्यातलं हे पाचवं."

खरोखरच कळत नव्हतं. गुळगुळीत, देखणं, फुलपाखरू हातावर बसावं तसं हलकं. रॉइस खूश, हॉलिस खूश. मीही म्हटलं, एवढे दोघे म्हणतायत तर हेच घेऊ. जन्मभर मी आईच्या ओतीव लोखंडी तव्यावर स्वयंपाक केला, लग्नात आलेला ॲल्युमिनियमचा तवा अंडी जाळतो म्हणून कोंबड्यांना पाणी पाजायला दिला. पण दुकानात उभी असताना तेवढी अक्कल मला सुचली नाही.

ते फुलपाखरू दुसऱ्याच दिवशी गाढव निघालं. गावाबाहेरच्या चुनखडीच्या जुन्या खाणीत हॉलिसने नेमबाजीची जागा केली होती. मातीच्या उंच भिंतीपुढे कागदी माणूस टांगलेला. मी कानांवर ते मोठे कप चढवले, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि चाप ओढला. अंगठ्याच्या बेचक्यात कुणी हातोडी घातली असं वाटलं. मूठ एवढीशी, करंगळीला धरायला जागाच नाही, प्रत्येक बारासरशी ते हातात वर सरकायचं. दुसऱ्या बारापासून मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटू लागले.

"मिस वायनेल, डोळे उघडे ठेवलेत तर निशाण दिसेल."

"मला दिसून काय उपयोग? त्याला कुठे काही होतंय?"

खरंच काही होत नव्हतं. मातीच्या भिंतीची चाळण झाली, कागदी माणूस ठणठणीत. मी हॉलिसकडे जात राहिले, तो धीर देत राहिला. हात सुजला, मी त्याला बर्फ लावला. रिव्हॉल्वरमध्ये काही खोट असेल असं मनातही आलं नाही. मला वाटलं, खोट माझ्या हातांत आहे, ते म्हातारे झालेत. आणि असे हात असतील तर रॉइस म्हणतो तेच खरं असेल.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी रॉइस प्लेनोहून आला तो काखेत कापडाचा तागा घेऊनच. सुनेने, टॅम्राने, पाठवला होता. पिवळ्या रंगावर निळ्या चिमण्या.

"गॅरेजवरच्या खोलीच्या पडद्यांना. टॅम्रा म्हणाली, आई शिवते, तिलाच शिवू दे. खोली तिने रंगवूनपण घेतली."

"परीक्षा उद्या आहे, रॉइस."

"हो गं. नुसतं दाखवायला आणलंय."

कापड छान होतं, हेच वाईट होतं. मी ते घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि त्या रात्री ताकात पाव कुस्करला तो तसाच राहिला.

शनिवारी सकाळी आमची गोधडी असायची, म्हणजे सगळ्या बायकांनी मिळून एक गोधडी शिवायची. ज्या घरी गोधडी ताणायची चौकट मांडलेली असेल तिथे आम्ही सगळ्या जमायचो आणि कोटापर्यंत एकूण एक वस्तू यजमानीणबाईच्या पलंगावर टाकायचो. पर्सही तिथेच. आमच्याकडे ही रीतच आहे. पर्स घेऊन गोधडीला बसणं म्हणजे तुमच्या घरात चोर आहेत असं म्हणणं. त्या दिवशी गोधडी ज्यूएलकडे होती, दुपारी परीक्षा, आणि आमच्यातल्या चौघीजणी, त्यांत मी आणि एर्लीन, परीक्षेला बसणार होत्या. तेव्हा पलंगावरच्या ढिगात चार रिव्हॉल्वरं होती. रिकामी, बरं का. काडतुसं गाड्यांत. हॉलिसने ते आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं. पण आदल्या वर्षीच्या जत्रेत उरलेल्या सूर्यफुलांच्या जाड कापडाच्या आम्ही सगळ्यांनी एकसारख्या पर्सा शिवल्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एर्लीन माझ्या शेजारी टाके घालत होती. तिचा हात बघण्यासारखा. बकऱ्या दोहून दोहून मनगटं खांबासारखी झालेली.

"वायनेल, तुझा टाका आज लंगडतोय."

"हात दुखतोय."

"मग नापास हो आणि जा प्लेनोला. तिकडे ताक कागदी डब्यात मिळतं म्हणे."

"तू तोंड बंद ठेव."

"मी एकटी पडेन ना इथे," ती म्हणाली आणि सुई तोंडात धरून खाली वाकली. तिने वर काही पाहिलं नाही. मीही नाही.

जेवणं आटोपून मी पर्स उचलली आणि रॉइसबरोबर खाणीवर गेले. एर्लीन बकऱ्यांना पाणी दाखवून येणार होती, म्हणजे उशिरा. माझं नाव पहिलं. हॉलिसने कागदी माणूस टांगला. मी पर्समध्ये हात घातला, तर आधी पेपरमिंटच्या गोळ्या लागल्या, मग तपकिरीची डबी. मी तपकीर ओढत नाही. आणि खाली, फडक्यात गुंडाळलेलं, जड.

एर्लीनच्या बाबांचं रिव्हॉल्वर. ते कापसाच्या गिरणीवर रात्रपाळीचे राखणदार होते. पोलादी, निळसर काळं, नळी माझ्या तर्जनीएवढी, अक्रोडाची मूठ हात लागून लागून काळी झालेली.

"हे माझं नव्हे," मी म्हटलं.

रॉइस पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं, मला ते आवडलं नाही. "मग राहू दे, आई. हात बघ तुझा कसा सुजलाय. उगाच कशाला? चल, घरी जाऊ."

"हॉलिस, दुसऱ्याचं चालतं का?"

"रिव्हॉल्वर ते रिव्हॉल्वर," हॉलिस म्हणाला. "काडतुसं तीच बसतात. पण मिस वायनेल, ते जड आहे हो."

मी ते फडक्यातून काढलं. मूठ तळहातात भरून बसली, करंगळीपर्यंत. वजन हातात खाली ओढत होतं, आणि त्या ओढण्यानेच हात स्थिर झाला. असं वजन मी रोज सकाळी चुलीवरून उचलत होते. आईचा तवा!

"रॉइस," मी म्हटलं, "जरा मागे सरक. तुझी सावली पडतेय."

पहिला बार काढला. आवाज तेवढाच, पण हातोडी कुठे गेली? रिव्हॉल्वरने नुसती मान हलवल्यासारखं केलं आणि पुन्हा जागेवर आलं. माझे डोळे उघडे होते, मला कळलंसुद्धा नाही. कागदी माणसाच्या छातीत भोक दिसलं.

"हे कुणी पाडलं?" मी विचारलं.

"तुम्हीच, मिस वायनेल," हॉलिस म्हणाला. "थांबू नका."

मी थांबले नाही. जवळून, मग मागे सरकून, मग आणखी मागून. लांबच्या काही गोळ्या कागदी माणसाच्या कानाला वारा घालून गेल्या, पण बाकीच्या बसल्या. हॉलिस बोट लावून भोकं जोडत होता आणि रॉइस त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. हॉलिसने टोपी मागे सरकवली.

"पास. चांगल्यापैकी पास." मग मातीच्या भिंतीकडे बघत, "मीच तुम्हाला ते हलकं दिलं ना?"

"तू दिलंस, रॉइसने निवडलं, मी घेतलं," मी म्हटलं. "दुसऱ्यांनी ठरवून दिलेल्या लग्नासारखंच झालं ते."

तेवढ्यात एर्लीनची गाडी धूळ उडवत आली. ती काच खाली करून ओरडत होती, "माझी पर्स कुठल्या भवानीने ढापली? या पर्समध्ये तर रुमाल इस्त्री केलेले आहेत! असले चाळे वायनेलचेच!"

तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग तिने माझं ते एवढंसं ॲल्युमिनियमचं उचललं, तिच्या पंजात ते पार दिसेनासं झालं, आणि उभ्या उभ्या कागदी माणसाचं नाक उडवलं. हातोडी तिलाही बसली असणार. तिने मान खाजवली फक्त.

"हे माझ्या कामाच्या पँटच्या खिशात मावतं," ती म्हणाली. "बकऱ्यांत मला दोन्ही हात मोकळे लागतात. अदलाबदल करतेस?"

"वेडी का? बाबांचं आहे ते."

"बाबांना तू माझ्यापेक्षा आवडायचीस. त्यांच्या हातावर पाव कोण ठेवायचं गिरणीवर जाताना?" मग रॉइसकडे वळून, "काय रे पोरा, नेतोस आईला की राहू देतोस?"

रॉइस रुमालाने मान पुसत होता. "आमच्यात बरं म्हणून ठरलंय, एर्लीनमावशी."

"मग झालं तर."

हॉलिसने तिथेच बाबांचं रिव्हॉल्वर माझ्या नावावर आणि छोटं एर्लीनच्या नावावर करून टाकलं. तोंडाने, म्हणजे. आमच्याकडे तेवढंच पुरतं.

जडपणाचा एक प्रश्न उरला. ते अंगावर वागवायचं कसं? खिशात मावेना, आणि पर्समध्ये ठेवायचं नाही हे मी त्या दिवसापासून पक्कं केलं. ज्या बाईची पर्स दर शनिवारी दुसरीच्या पलंगावर पडते, तिने त्यात पेपरमिंट ठेवावं, बाकी काही नाही. मग मी माझ्या मापाची एक बंडी शिवली. बाहेरून साधी, गोधडीसारखी दुहेरी, आणि आत कमरेजवळ एक खोल खिसा, चाप झाकला जाईल असा चामड्याचा पट्टा लावलेला. वजन खांद्यांवर वाटलं गेलं की जाणवत नाही. दोन महिन्यांत आमच्या गोधडीतल्या सगळ्यांनी तसल्या बंड्या शिवून घेतल्या. पाद्रीबाबांना आम्ही खाद्याच्या दुकानात एकदम भेटलो, तर ते म्हणाले, "वा! गाण्याचा नवा संघ काढलात की काय?" एर्लीन म्हणाली, "हो, पण आमचं गाणं तुम्हाला ऐकायला न लागो."

कुणालाच लागलं नाही. इतकी वर्षं झाली, बाबांच्या रिव्हॉल्वरने खाणीतल्या कागदाखेरीज कुणाला दुखावलेलं नाही. ताक पिणारा पुन्हा आला नाही. एर्लीन गेली, तिच्या बकऱ्या भाचीने नेल्या, हॉलिसच्या दुकानात आता फोन विकतात. मी मात्र इथेच आहे, आणि आत्ता सूर्य जमिनीत बुडताना ओसरीवरूनच बघते आहे. गार वारा सुटला म्हणून बंडी घातलीय. तीच, पहिली. रॉइस मागच्या महिन्यात आला होता. माझी बंडी दारामागच्या खुंटीला अडकवताना त्याने आतलं अस्तर पाहिलं आणि पिवळ्यावरच्या निळ्या चिमण्यांवर बोट फिरवलं.

"आई, हे टॅम्राचं पडद्यांचं कापड ना?"

"हो," मी म्हटलं. "आईला शिवू दे असं म्हणालेली ना ती? शिवलं."