बशीतली गोळी

सुनेने बशीत एक गोळी ठेवली, बशी सासऱ्यांच्या पुढ्यात सरकवली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"घ्यायची असेल तर घ्या, बाबा. माझं काही म्हणणं नाही."

मास्तरांनी गोळीकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग खिडकीबाहेर. उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. दुकान कधीच बंद झालं होतं, पण गळ्यातली मापाची टेप काही उतरली नव्हती. आत्ता तिचं एक टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"नको," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"शाब्बास!" गोळी डबीत परत टाकत ती म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शाब्बासकी देताना तिला काहीच वाटलं नाही.

ही बाई मुळात वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मास्तरांच्या कण्यात गाठ निघाली, या वयात ती कापता येणार नाही म्हणून डॉक्टरांनी दुखणं दाबायच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा पोटच्या मुलाने "तू बघतेस ना, मग झालं" म्हणत हात झटकले होते. हिने मात्र वेळच्या वेळी गोळी हातावर ठेवली, वर पाण्याचा पेला, पाठीला उशी. मास्तर तिला कौतुकाने 'आमची नर्सबाई' म्हणत. पुढे पुढे गोळीचा अंमल लवकर उतरू लागला आणि ते वेळेआधीच मागू लागले, तेव्हाही ती कुरकुरली नाही.

मग तिच्या बिस्किटांच्या कारखान्यात व्यसनांवर शिबिर झालं. पॅकिंगची सुपरवायझर म्हणून तिला बसावं लागलं. व्यसनी म्हणजे पुलाखाली लोळणारी माणसं, एवढंच तिला तोवर ठाऊक होतं. तिथे तिला कळलं की व्यसन घरातही येतं, इस्त्रीच्या कपड्यांत येतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही येतं. असा माणूस घड्याळाकडे बघत राहतो. गोळी घेतली तरी घेतलीच नाही म्हणतो. एखादी रुमालात दडवून ठेवतो, चिडतो, गयावया करतो. तिच्या अंगावर काटा आला, कारण यातलं सगळं तिने घरी पाहिलं होतं.

शिकलेलं वाया घालवणाऱ्यांतली ती नव्हती. डबी तिच्या कपाटात गेली आणि किल्ली पर्समध्ये. चार गोळ्यांच्या दोन झाल्या, दोनांची एक, शेवटी फक्त रात्रीची अर्धी. मास्तर ओरडले, रडले. एकदा सुनेच्या पाया पडायला वाकले आणि तसेच अर्ध्यात अडकले.

"हे दुखणं बोलत नाहीये, बाबा," त्यांना हळूहळू सरळ करत ती म्हणाली. "सवय बोलतेय."

बशीची युक्ती तिची स्वतःची. पहिल्या वेळी ती म्हणाली होती, "परीक्षा नाही हो ही, घ्या खुशाल." मास्तरांचा हात झटकन पुढे आला. तिने तितक्याच झटकन बशी उचलली आणि नवऱ्याला हाक मारली.

"बघितलंस? हात बघ कसा थरथरतोय."

नवऱ्याने पाहिलं आणि मान डोलावली. त्या रात्री अर्धीही मिळाली नाही. तेव्हापासून मास्तर शहाण्यासारखे वागू लागले. मागणं थांबलं, कण्हणंही थांबलं. तेवढी टेप चघळायची खोड लागली. व्यसन सुटताना माणसं काहीबाही चघळतात, हेही शिबिरात सांगितलं होतं, तेव्हा सुनेने ते चांगलंच लक्षण धरलं.

तपासणीला नेताना तिने ती टेप त्यांच्या गळ्यातून काढून घेतली.

"चार लोकांत शोभतं का हे? किती घाण झालीय!"

डॉक्टरांनी मणक्याचा नवा फोटो उजेडाला धरला आणि बराच वेळ तो खाली ठेवला नाही. "गोळ्या किती लागतात आता?" त्यांनी विचारलं.

"अर्धी, तीही फक्त रात्री," सून म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "सोडवत आणलंय मी."

"अर्धी?" डॉक्टर मास्तरांकडे वळले. "आजोबा, दुखत नाही?"

मास्तरांनी आधी सुनेकडे पाहिलं.

"नाही साहेब. ती सवय बोलत होती. आता गप्प आहे."

डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं आणि मणक्यावर बोट टेकवलं. मास्तरांच्या तोंडून हूं की चूं नाही. हात फक्त गळ्याशी गेला, तिथे चाचपडला, आणि काही सापडेना तेव्हा त्यांनी शर्टाची कॉलर दातांत धरली. डॉक्टरांनी बोट काढून घेतलं. मग मास्तरांना बाहेरच्या बाकावर बसवून त्यांनी दार लावलं.

"गाठ बरगड्यांपर्यंत गेलीय. अशा माणसाला मी उलट गोळ्या वाढवायला सांगतो."

"पण ते लपवायचे, डॉक्टर. खोटं बोलायचे. सारखं घड्याळ बघायचे. शिबिरात..."

"शिबिरात सांगितलं ते खोटं नव्हतं," डॉक्टर म्हणाले, "पण ते यांच्याबद्दल नव्हतं. कळा येणाऱ्या माणसाला औषध अपुरं पडलं की तोही हेच करतो. त्यांचे थोडे दिवस उरलेत, बाई. तेवढे तरी नीट जाऊ देत."

घरी येताना मास्तर तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. "नीट सांगितलं ना मी? काही चुकलं नाही ना?"

आत जाऊन तिने पर्स उघडली. किल्लीच्या आधी टेप हाताला लागली. तिने ती पलंगावर सरळ पसरली. एका टोकाचे आकडे उडाले होते. दातांचे वण आरपार गेले होते आणि एके ठिकाणी सुकलेलं रक्त होतं. आपण याला खोड म्हणत होतो, हे आठवून तिला स्वतःची किळस आली. टेप मुठीत तशीच धरून तिने कपाट उघडलं, दोन गोळ्या काढल्या, आणि हाताशी तीच बशी होती म्हणून तिच्यातच ठेवल्या.

"घ्या, बाबा."

मास्तरांनी बशीकडे पाहिलं. चेहरा घामाने डबडबला होता, तरी ते हसले.

"आज दोन? पेपर अवघड काढलास, सूनबाई."

"परीक्षा नाही हो ही. खरंच घ्या. पाया पडते तुमच्या."

"तेव्हाही असंच म्हणाली होतीस."

तिने गोळ्या उचलून त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि बोटं मिटवली. त्यांनी एक एक बोट उघडलं, गोळ्या जपून बशीत परत ठेवल्या आणि बशी तिच्याकडे सरकवली. आपल्या मुलाने हे बघितलं का, म्हणून दाराकडेही एकदा पाहिलं. मग कळ आली असावी, कारण त्यांचे डोळे घट्ट मिटले आणि दुसरा हात तिच्या मुठीकडे पुढे झाला.

"पास झालो ना? मग माझी टेप तेवढी दे."