व्हर्लिनची झेप

"तिकडे नको बसूस. मर इकडे येऊन," मॅनेजर बक टिलरी एका राखीव खेळाडूवर खेकसला.

बेसबॉलचा सामना चालू होता. बाकाच्या त्या टोकाला चेंडू टाकणारा पिचर हॉइट मॅडर्न एकटाच तंबाखू चघळत होता. नऊपैकी सात इनिंग झाल्या तरी त्याने समोरच्यांना एकही हिट, म्हणजे अडवता न येणारा फटका, मारू दिली नव्हती. असा सामना पिचरच्या आयुष्यात क्वचित येतो, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी अशा वेळी त्याच्याशी कुणी बोलत नाही, शेजारी बसत नाही, घडतंय ते तोंडातून काढत नाही. टेनेसीतल्या त्या गिरणीच्या गावात देवधर्मापेक्षा हा नियम कडक.

दुसऱ्या बेसजवळचे चेंडू अडवणारा व्हर्लिन स्ट्राउडही गप्प होता, पण त्याचं लक्ष कुंपणामागच्या पनामा टोपीवर होतं. टोपीखालचा माणूस वरच्या श्रेणीतल्या संघाने खेळाडू हेरायला पाठवलेला. तिथला दुसऱ्या बेसचा खेळाडू घोटा मोडून बसला होता, त्याच्या जागी कुणीतरी हवा होता. व्हर्लिन तेहतिशीचा. उमेदीची सगळी वर्षं असल्याच गावांत, बसच्या मागच्या सीटवर गेलेली. मालकांच्या लेखी तो खेळाडू नव्हताच. पंक्चर झालं की डिकीतून काढायचं चाक होता. वरच्या मैदानावर तो एकदाही उभा राहिला नव्हता. आज नाही तर कधीच नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

आठव्या इनिंगला तो दुसऱ्या बेसजवळ आला. सवयीने वाकून पुढ्यातले खडे वेचले, मागच्या खिशात टाकले. खड्यावर आपटून उसळलेला चेंडू दात पाडतो.

मग चेंडू आला. डावीकडे, जमिनीलगत, धावत जाऊन आरामात उचलावा असा. व्हर्लिन क्षणभर थबकला आणि मग अंग झोकून आडवा पडला. चेंडू ग्लव्हच्या टोकाला चाटून गवतात गेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. पनामा टोपी डोलली. फळ्यावर हिटच्या रकान्यातलं शून्य जाऊन एक लागला.

इनिंग संपल्यावर बक त्याच्याजवळ टेकला.

"पाय मोडले होते का रे तुझे?"

"नाही."

"मग लोळलास कशाला? टोपीवाल्याला कपड्यांची माती दाखवायची होती ना? दाखवलीस. खूश आहे तो. आता तोंड मिटून बस."

व्हर्लिनने हॉइटकडे पाहिलं. आता त्याच्या शेजारी दोघं येऊन बसले होते.

तो उठला. फलंदाजाची हिट की खेळाडूची चूक, हे वरच्या लाकडी खोलीतला स्कोअरर पाइक ठरवायचा. आपल्या नावावरची चूक पुसून घ्यायला खेळाडू त्याला आईमाईवरून शिव्या घालत. व्हर्लिन खोलीखाली जाऊन ओरडला, "पाइकसाहेब! ती हिट नव्हती. माझी चूक."

"अरे, झेप घेतलीस की!"

"उगाच घेतली. पळत गेलो असतो तर हातात होता. लिहा माझ्या नावावर."

"डोकं फिरलं का तुझं? तो माणूस ऐकतोय तिथे!"

"ऐकू दे. लिहा."

फळ्यावरचा एक निघाला, शून्य लागलं. हॉइटच्या शेजारचे दोघं मुकाट उठून लांब गेले.

नवव्या इनिंगच्या पहिल्याच फलंदाजाने चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून टोलवला. स्वच्छ हिट. त्यात कुणाचीच चूक नव्हती.

सामना जिंकल्यावर न्हाणीघरात हॉइट त्याच्यावर उखडला. "कुणी सांगितला होता रे शहाणपणा? मी मागितलं होतं?"

"नाही."

"मग?"

"चेंडू माझा होता."

हॉइट थुंकला. मग म्हणाला, "साबण घे. तुझा झिजलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बकने त्याला फाटकापाशी गाठलं. "टोपीवाल्याने आपल्या तिसऱ्या बेसवाल्याला नेलं. आणि मालकांनी तुला मोकळं केलंय. तुझ्या जागी नवा येतोय दुपारी." तो टोपी हातात फिरवत राहिला. "गप्प बसला असतास तर, गाढवा..."

"ग्लव्ह आत राहिलाय माझा," व्हर्लिन म्हणाला.

ग्लव्ह काखेत मारून तो रिकाम्या मैदानातूनच परत निघाला. दुसऱ्या बेसजवळ थांबला, वाकून पुढ्यातले खडे वेचले. आज पँट खेळाची नव्हती, घरची होती, मागच्या खिशाला बटण होतं. ते काढून त्याने खडे आत टाकले, बटण लावलं आणि फाटकाकडे चालू लागला.